घरी बांधलेली दहा फुटी नाव : इपॉक्सी, फायबरग्लास आणि नागपूरचा उन्हाळा

वल्हेकरी | १६ फेब्रुवारी

नोव्हेंबरात हाती घेतलेले काम मागच्या रविवारी पाण्यात उतरले, म्हणून हा धागा काढत आहे. दोन माणसे आणि त्यांचे गळ-जाळे मावेल अशी, सपाट तळाची, दहा फूट लांबीची नाव मी नागपुरात घराच्या पोर्चमध्ये बांधली. सहा मिलिमीटरचे प्लायवूड, इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव मिसळल्यावर कडक होणारी चिकटवण) आणि फायबरग्लासचे, म्हणजे काचेच्या धाग्यांचे, विणलेले कापड एवढीच तिची मुख्य सामग्री आहे. येता-जाता शेजारी "काय जी, डोंगा बनवून राहिले का?" असे विचारत आणि लगेच पाणी कुठे आहे हेही विचारत. अंबाझरीपासून खिंडसीपर्यंत एवढे तलाव असलेल्या जिल्ह्यात हा प्रश्न का पडावा, हे मला आजही कळलेले नाही.

पद्धत जुनी आहे. प्लायच्या फळ्या आधी कागदी नमुन्यानुसार कापायच्या, त्यांच्या कडांना भोके पाडून तांब्याच्या तारेने एकमेकींना टाचायच्या, आतील सांध्यात इपॉक्सीचा घट्ट भराव घालायचा, त्यावर फायबरग्लासची पट्टी बसवायची आणि मग तारा काढून टाकायच्या. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये बॅरी बकनेल आणि जॅक होल्ट यांनी 'मिरर' नावाची छोटी शिडाची नाव याच रीतीने आखली आणि तिच्या सत्तर हजारांहून अधिक प्रती लोकांनी बांधल्या, त्यांपैकी कितीतरी घराच्या गॅरेजमध्ये. नावेच्या आत बरगड्यांचा सांगाडा लागत नाही, कारण वाकवलेल्या फळ्याच एकमेकींना ताणून आकार धरतात. त्यामुळे सुतारकामाचे कौशल्य बेताचे असले तरी चालते. माझ्या अनुभवाने या कामातील खरी हत्यारे दोन आहेत, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा आणि भिंतीवरचा थर्मामीटर. करवत आणि रंधा त्यानंतर.

प्लायवूड मी लकडगंजातून आणले. त्यावर आयएस ७१० हा मरीन प्लायचा शिक्का होता, तरीही मी शिक्क्यावर विसंबलो नाही. विकत घेण्यापूर्वी दुकानदाराकडून हातभर तुकडा मागून घेतला, जुन्या पातेल्यात तो दिवसभर उकळला, रात्रभर वाळवला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळला. मानकातील चाचणी ७२ तासांची आहे, तेवढा गॅस जाळण्याची गरज नाही, कारण खोटा माल पहिल्याच दिवशी पापुद्रे सोडतो. कापलेली कडही नीट पाहावी. आतील थरात पोकळ्या असतील तर त्यांत पुढे पाणी साचते, आणि वरून नाण्याने ठोकत गेल्यास अशा जागी आवाज बदलतो.

प्लायच्या आठ फुटी पत्र्यांतून दहा फुटी फळी काढायची तर दोन तुकडे जोडावे लागतात. कडा एकास आठ या उताराने तासून, म्हणजे सहा मिलिमीटरच्या प्लायला ४८ मिलिमीटर लांबीचा उतार देऊन, मी त्या एकमेकींवर चिकटवल्या. हे काम अवघड वाटते, पण प्लायच स्वतः मदत करते. रंध्याने तासताना तिचे थर पट्ट्यांसारखे दिसू लागतात, आणि त्या पट्ट्या सरळ व समान रुंदीच्या दिसल्या की उतार बरोबर आला असे समजावे. चिकटवताना आधी दोन्ही उतारांना नुसते पातळ इपॉक्सी पाजावे आणि नंतर घट्ट केलेले लावावे. कोरडे लाकूड चिकटवणीतील सगळे रेझिन पिऊन घेते आणि सांधा उपाशी राहतो.

टाचण्यासाठी कडेपासून दहा मिलिमीटर आत, साधारण वीत-वीतभर अंतरावर, दोन मिलिमीटरची भोके पाडली. तारा पिळत गेलो तशी सपाट फळ्यांची नाव होत गेली. संपूर्ण कामातील सर्वांत आनंदाची संध्याकाळ तीच होती, आणि फसवीही तीच, कारण नाव तयार झाल्यासारखी दिसते पण कामाचा पाऊण हिस्सा अजून बाकी असतो. येथे थांबून नावेला पीळ पडला आहे का ते पाहणे फार गरजेचे आहे. पुढे आणि मागे काठावर एकेक सरळ रीप आडवी ठेवायची आणि दूर उभे राहून दोन्ही रिपा समांतर दिसतात का ते पाहायचे. माझ्या नावेला बोटभर पीळ होता. तो त्या वेळी दोन तारा सैल करून निघाला. भराव वाळल्यानंतर तो कोणालाच काढता आला नसता.

भरावासाठी इपॉक्सीत लाकडाचा मैद्यासारखा भुसा आणि थोडी कोलॉइडल सिलिका, बाजारात जिला एरोसिल म्हणतात ती, मिसळली. मिश्रण चक्क्यासारखे असावे, चमचा उलटा केला तर पडू नये. सांध्यात ते भरून जुन्या चमच्याच्या पाठीने ओढले की सुमारे वीस मिलिमीटर त्रिज्येची गोलाई मिळते. भराव अर्धवट ओला असतानाच त्यावर पट्टी बसवल्यास दोन्ही एकजीव होतात आणि नंतरचे घासकाम निम्मे वाचते.

बाहेरून चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचे विणलेले कापड लावले आहे, बाजूंना एक थर आणि तळाला दोन. कापड रेझिन प्यायले की काचेसारखे पारदर्शक होते, पांढरे दिसेल तिथे ते कोरडे आहे. मात्र चकचकीत दिसेपर्यंत ओतत राहणेही चूक आहे, कारण जादा रेझिनवर कापड तरंगते आणि नाव नुसती जड होते. प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने निथळून काढावे, विणकाम स्पर्शाला जाणवले पाहिजे. ते पुढच्या दोन हातांत बुजते.

माझी नाव ५२ किलो भरली. प्रश्न असल्यास विचारावेत.

खामला चौक | १६ फेब्रुवारी

अभिनंदन. पोर्चमधून नाव बाहेर कशी काढली आणि एकूण खर्च किती आला, हे कृपया सांगावे. माझ्याकडे गच्ची आहे, पोर्च नाही.

वल्हेकरी | १७ फेब्रुवारी

गच्चीवर बांधू नये. दहा फुटी नाव जिन्याच्या वळणावर अडकते, आणि दोरांनी भिंतीवरून खाली सोडणे हा माझ्या मते वेडेपणा आहे. कापण्याआधी नावेच्या मापाची पुठ्ठ्याची चौकट करून ती फाटकातून नेऊन पाहावी.

भाव सतत बदलतात, म्हणून आकडा देत नाही. प्लाय आणि रेझिन यांचा खर्च जवळपास सारखा होतो. लोक हिशेबात विसरतात ते बारीक सामान, म्हणजे हातमोजे, पॉलिश पेपर, ब्रश, रोलर, मास्क आणि रंग, आणि ते सगळे मिळून तिसऱ्या मोठ्या खर्चाएवढे होते. मी चार पत्रे आणि हार्डनर धरून ११ किलो इपॉक्सी आणले. त्यातले दोन किलोंच्या आसपास उरले.

हिंगणा रोड | १९ फेब्रुवारी

मी पंधरा वर्षे एमआयडीसीत फायबरच्या टाक्या आणि कूलरच्या बॉडी बनवण्याचे काम करतो. आमच्याकडे सगळे काम पॉलिस्टर रेझिन आणि मॅटवर, म्हणजे काचेच्या तुटक धाग्यांच्या न विणलेल्या चादरीवर, चालते, आणि ते इपॉक्सीच्या तुलनेत फार स्वस्त पडते. साच्यावर चार थर मारले की नाव तयार होईल आणि लाकूड लागणारच नाही. मग लाकडाचा आग्रह कशासाठी, हा माझा प्रामाणिक प्रश्न आहे.

वल्हेकरी | १९ फेब्रुवारी

तुमचा मुद्दा कारखान्यासाठी अगदी बरोबर आहे. दहा नावा काढायच्या असतील तर मी साचाच करीन आणि पॉलिस्टरच वापरीन. एकच नाव बांधायची तर साचा बांधणे म्हणजे दोन नावा बांधण्यासारखे आहे. शिवाय निव्वळ फायबरची सपाट फळी लवचिक असते, तिला ताठ करण्यासाठी थर वाढवावे लागतात आणि वजन वाढते. प्लायच्या दोन्ही बाजूंना काचेचे कापड बसवले की कमी वजनात ताठपणा मिळतो.

मात्र लाकूड आले की पॉलिस्टर मागे पडते. ते लाकडावर वरवर धरते, आणि लाकूड ओलाव्याने फुगले-आकसले की काही वर्षांत साल निघावी तसे सुटते. काही जण मधला मार्ग म्हणून तुमची नेहमीची मॅट घेऊन तीवर इपॉक्सी ओततात, तेही टाळावे. मॅटमधील तुटक धागे ज्या बंधकाने धरलेले असतात तो पॉलिस्टरमधील स्टायरीनमध्ये विरघळावा म्हणूनच बनवलेला असतो, इपॉक्सीत स्टायरीन नसल्याने मॅट नरम पडत नाही आणि कोपऱ्यात बसत नाही. इपॉक्सीसोबत विणलेले कापडच घ्यावे.

हिंगणा रोड | २० फेब्रुवारी

मॅट कोपऱ्यात न बसण्याचे कारण आज समजले. एका ग्राहकाच्या कामात आम्ही हा अनुभव घेतला होता आणि दोष मालाला दिला होता.

माझ्याकडून दोन गोष्टी सांगतो. कापडाची लोंबणारी कड पूर्ण कडक होऊ देऊ नये. रेझिन चामड्यासारखे झाले की धारदार पात्याने ती एका झटक्यात कापली जाते. दुसऱ्या दिवशी तेच काम ग्राइंडरने करावे लागते आणि काचेची धूळ घरभर होते. दुसरी गोष्ट पॉलिस्टर वापरणाऱ्यांसाठी. रेझिन कडक करण्यासाठी त्यात घालतात ते कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट हे दोन द्रव कधीही एकमेकांत थेट मिसळू नयेत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा आणि नंतरच कॅटॅलिस्ट घालायचा. दोन्ही बाटल्या एका फळीवरसुद्धा ठेवू नयेत.

नवशिका | २४ फेब्रुवारी

मी सरावासाठी लहान पेटी करत आहे. एलवाय ५५६ रेझिन आणि एचवाय ९५१ हार्डनर आणले. डब्यावर दहास एक असे प्रमाण आहे, म्हणून औषधाच्या पिचकारीने १०० मिलिलिटर रेझिनला १० मिलिलिटर हार्डनर मोजून घातला. चार दिवस झाले तरी पृष्ठभाग बोटाला चिकटतो. वरून थोडा जास्त हार्डनर घालून आणखी एक हात मारला तर खालचा थर वाळेल का?

रसायन मास्तर | २४ फेब्रुवारी

नाही वाळणार. येथे पॉलिस्टर आणि इपॉक्सी यांतला मूलभूत फरक समजून घेणे आवश्यक आहे. पॉलिस्टरमध्ये एक-दोन टक्के घालतो तो द्रव केवळ साखळी सुरू करून देतो, त्यामुळे त्याचे प्रमाण थोडे कमी-जास्त करून वेग बदलता येतो. इपॉक्सीचा हार्डनर स्वतः साखळीचा भाग होतो. रेझिनच्या प्रत्येक टोकाला हार्डनरमधील अमाइन या रसायनाचा एक हायड्रोजन लागतो, जोडीदार न मिळालेली टोके तशीच राहतात, आणि हार्डनर जास्त झाला तर तो मोकळा उरून पृष्ठभाग नरम ठेवतो. उन्हाळ्यात कमी घालू, हिवाळ्यात जास्त घालू, असा विचार येथे लागूच पडत नाही.

वल्हेकरी | २५ फेब्रुवारी

मास्तरांनी तत्त्व सांगितले, चूक नेमकी कुठे झाली ते मी सांगतो. डब्यावरचे १०० ला १० हे प्रमाण वजनाचे आहे. रेझिनची घनता सुमारे १.१७ आणि हार्डनरची सुमारे ०.९८ धरली, तर १०० मिलिलिटर रेझिन ११७ ग्रॅम झाले आणि त्याला ११.७ ग्रॅम, म्हणजे जवळपास १२ मिलिलिटर हार्डनर हवा होता. तुम्ही १० घातला. सहावा हिस्सा कमी पडला. यासाठीच मी काट्याबद्दल बोललो. हार्डनर इतका थोडा लागतो की शंभर ग्रॅमच्या घाण्यात एका ग्रॅमची चूक म्हणजे दहा टक्क्यांची चूक होते, आणि स्वयंपाकघरातील काटा तेवढी चूक सहज करतो. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा घ्यावा.

आता तो चिकट थर पत्र्याने पूर्ण खरवडून, अॅसिटोनच्या फडक्याने पुसून पुन्हा लावावा. वाईट वाटते, पण दुसरा उपाय नाही. खरवडताना हातमोजे घालावेत. हा हार्डनर त्वचेला फार लवकर वावडे आणतो, आणि एकदा वावडे आले की आयुष्यभर इपॉक्सीच्या जवळ जाता येत नाही. हाताला लागल्यास साबण-पाण्याने धुवावे. अॅसिटोन किंवा थिनरने पुसल्यास ते विरघळून त्वचेच्या आत जाते.

रंधा आणि पटाशी | १ मार्च

सध्या सुट्ट्यांचा विचार करून एप्रिल-मे महिन्यांत असे काम काढण्याचा माझा बेत आहे. संध्याकाळी सातनंतर काम केले तर चालेल का?

वल्हेकरी | २ मार्च

मनापासून विरोध करतो. मागच्या एप्रिलमध्ये मी सरावासाठी पाट-चौरंगांना इपॉक्सी लावत होतो. तीनशे ग्रॅमचा घाणा प्लास्टिकच्या ग्लासात ढवळला, तेवढ्यात फोन आला, बोलून परत येईपर्यंत ग्लासातून पिवळा धूर निघत होता. ग्लास वितळून टेबलाला चिकटला होता आणि त्याच्या जवळ हात नेणे शक्य नव्हते. घट्ट होताना इपॉक्सी उष्णता सोडते, उंच भांड्यात ती उष्णता कोंडते, कोंडलेली उष्णता क्रिया आणखी वेगवान करते आणि हे चक्र काही मिनिटांत हाताबाहेर जाते. असा ग्लास कचऱ्याच्या डब्यात टाकू नये, उघड्यावर फरशीवर ठेवून दूर व्हावे.

ठोकळमानाने तापमान दहा अंशांनी वाढले की हातात असलेला वेळ निम्मा होतो. २५ अंशांना अर्धा तास मिळत असेल तर ३५ ला पंधरा मिनिटे आणि ४५ ला सात-आठ. मे महिन्यात नागपुरात संध्याकाळी सातला भिंती दिवसाची उष्णता बाहेर टाकत असतात, त्यामुळे हवा थोडी उतरली तरी प्लायचा पत्रा तापलेलाच असतो. २३ मे २०१३ रोजी या शहराने ४७.९ अंश पाहिले आहेत.

कूलर लावून काम करीन, असे कोणी म्हणेल, म्हणून आधीच सांगतो. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा थंड असली तरी दमट असते, आणि ओल्या इपॉक्सीवर दमट हवा आली की हार्डनर हवेतील ओलावा व कर्बवायू घेऊन पृष्ठभागावर मेणचट थर आणतो. तो धुतला नाही तर पुढचा हात आणि रंग त्यावर धरत नाहीत. हा थर पॉलिश पेपरने घासू नये, नुसता पसरतो. साधे पाणी आणि भांडी घासायची घासणी घेऊन आधी धुवावे, कोरडे पुसावे आणि मगच पेपर मारावा. पावसाळ्यातही हाच त्रास होतो.

म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच नागपूरचा नाव बांधण्याचा हंगाम आहे. त्यातही डिसेंबरच्या सकाळी अडचण उलटी येते. हे रेझिन मुळातच दाट आहे, थंडीत ते काकवीसारखे होते आणि कापडात मुरत नाही. डबा अर्धा तास गरम पाण्याच्या बादलीत ठेवावा, आणि घाणा केल्याबरोबर पसरट ट्रेमध्ये ओतावा म्हणजे उष्णता कोंडत नाही. मी दुपारी अकरा ते तीन या वेळेत, एका वेळी १५० ग्रॅमपेक्षा मोठा घाणा न करता काम केले. कापड लावण्याच्या दिवशी एक माणूस फक्त मोजायला व ढवळायला बसवला होता. त्या कामावर सौ. होत्या आणि त्यांच्या एकाही घाण्यात चूक झाली नाही.

वैनगंगाकाठ | ८ मार्च

मी भंडारा जिल्ह्यातील ढीवर कुटुंबातला आहे. आजोबांकडे एका बुंध्यातून कोरलेला डोंगा होता, वडिलांकडे डांबर फासलेली फळ्यांची नाव होती, आणि आता गावातले बरेच जण ट्रकच्या ट्यूबवर किंवा थर्माकोलवर बसून जाळे टाकतात, जे मला पटत नाही. हा धागा मी तीनदा वाचला. काही प्रश्न आणि काही सूचना आहेत.

पहिला प्रश्न असा, की फेकजाळे टाकताना माणूस उभा असतो आणि सगळा भार एका काठाकडे जातो, तेव्हा ही नाव कलंडेल काय? दुसरा प्रश्न, पाणी भरले तर ती बुडेल काय? सूचना अशी, की नावेच्या आत जाळे अडकेल असे एकही टोक राहता कामा नये. तारांची टोके, स्क्रूची डोकी, बोल्टाचे नट, सगळे जाळे फाडतात. आणि जलाशयांत बुडालेल्या झाडांचे खुंट असतात, पाणी उतरले की ते तळाला घासतात. तुमच्या पातळ कापडाचे तिथे काय होणार, याचा विचार करावा.

वल्हेकरी | ९ मार्च

भाऊ, अशा प्रतिसादासाठीच धागा काढला होता. आधी हिशेब देतो. पाण्याला टेकणारी लांबी २.७ मीटर आणि तळाची सरासरी रुंदी ८५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २.३ चौरस मीटर. नाव एक सेंटिमीटर खाली बसण्यासाठी २३ लिटर पाणी बाजूला सारते, म्हणजे २३ किलो वजन पेलते. नाव ५२, दोन माणसे १५० आणि सामान १५ मिळून २१७ किलो होतात, म्हणजे साडेनऊ सेंटिमीटर. तळाला लांबीत थोडा बाक असल्याने प्रत्यक्षात ती अकरा बसली. बाजू ४० सेंटिमीटर उंच असल्याने जवळपास एक फूट काठ पाण्यावर राहतो.

उभे राहून मी पाहिले आहे. सपाट तळामुळे नाव आधी ठाम वाटते, पण ठरावीक कलानंतर एकदम जाते, गोल तळासारखी पूर्वसूचना देत नाही. फेकजाळ्यासाठी ही रुंदी मला कमीच वाटते. तुम्ही बांधणार असाल तर तळ किमान १०५ सेंटिमीटर ठेवावा.

बुडण्याबद्दल. बसायच्या तिन्ही बाकांखाली बंद पेट्या आहेत, त्यांचे आकारमान मिळून २२० लिटर. कमरेएवढ्या पाण्यात आम्ही नाव मुद्दाम काठोकाठ भरली आणि दोघे आत बसलो. पाण्याच्या वर चार बोटे काठ राहिला. अशा भरलेल्या नावेतून वल्हवता येत नाही, पण धरून राहता येते. लाइफ जॅकेट तरीही अंगावरच हवे. पेट्यांत थर्माकोल भरायचा असेल तर इपॉक्सी त्याला खात नाही. पॉलिस्टर मात्र त्याला क्षणात वितळवते, हे तुमच्या गावात कोणी प्रयोग करणार असेल तर आधी सांगावे.

खुंटांचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. या आठवड्यात तळाला लांबीत सागाच्या तीन घसरपट्ट्या चिकटवतो. त्या झिजल्या की बदलता येतील आणि कापडाला धक्का लागणार नाही.

वैनगंगाकाठ | ९ मार्च

मधल्या पट्टीला भोक पाडून स्क्रू मारू नका, नुसती चिकटवा. खुंटाने उपटली तर पट्टी जावी, तळ जाऊ नये.

खामला चौक | १२ मार्च

नाव कुठे चालवता? अंबाझरीत चालेल काय, आणि पुढे छोटे इंजिन लावता येईल काय?

वल्हेकरी | १२ मार्च

शहरातील तलावांत परवानगीशिवाय स्वतःची नाव टाकू नये. जलाशय आणि गावतलावांतील मासेमारीचे हक्क बहुतेक ठिकाणी मच्छिमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. रोहू-कतल्याचे बीज त्यांनी पैसे देऊन सोडलेले असते. त्यामुळे हौशी गळ टाकणाऱ्यानेही आधी त्यांच्याकडे जावे. मी रामटेकच्या बाजूच्या एका गावतलावात तेथील संस्थेच्या लेखी परवानगीने चाचणी घेतली. तोतलाडोह जलाशय पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे मासेमारीला मनाई आहे. इंजिन लावले की नाव यांत्रिक ठरते आणि २०२१ च्या अंतर्देशीय जलयान अधिनियमानुसार तिची नोंदणी लागते. दहा फुटी नावेला दोन वल्ही पुष्कळ होतात.

रंधा आणि पटाशी | २१ मे

उन्हाळ्यात नाव कुठे ठेवली आहे? माझे काम तुमच्या सल्ल्यानुसार नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकलले आहे, पण रंगाची खरेदी आता करून ठेवावी म्हणतो.

वल्हेकरी | २२ मे

पोर्चमध्ये, पालथी, पांढऱ्या चादरीखाली. रंग पांढरा किंवा फिकट घ्यावा, यात आवडीनिवडीचा भाग नाही. घरच्या तापमानाला पक्के झालेले इपॉक्सी साधारण ५०-६० अंशांपासून नरम पडू लागते, आणि आपल्या उन्हात गडद रंगाचा पृष्ठभाग त्याच्या सहज पुढे जातो. मग कापडाची वीण रंगातून वर दिसू लागते. रंग न देता नुसते चकचकीत इपॉक्सी ठेवण्याचा मोहही आवरावा, कारण सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी ते पिवळे पडून भुकटी होते.

घरगुती ऑइल पेंटचा एक हात मी तुकड्यावर मारून पाहिला, तो आठवडाभर चिकट राहिला. इपॉक्सीवर उरलेले अमाइन काही ऑइल पेंटांना वाळू देत नाही. शेवटी गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून इपॉक्सी प्रायमर आणि दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग आणला. तो मारताना साधा कापडी मास्क पुरत नाही, वाफेसाठीचा कार्ट्रिज मास्क लागतो.

आणखी एक गोष्ट याच महिन्यात लक्षात आली. बाकांच्या पेट्या पूर्ण बंद असतील तर आतील हवा २५ वरून ६० अंशांवर गेल्यावर दाब सुमारे बारा टक्क्यांनी वाढतो, आणि तो रोज दुपारी सांध्यांना आतून ढकलतो. प्रत्येक पेटीला स्क्रूचे झाकण बसवले आहे. नाव पाण्याबाहेर असताना ती झाकणे उघडी असतात, आणि पाण्यात उतरण्यापूर्वी ती लावण्याची आठवण म्हणून मी ती वल्ह्यांना सुतळीने बांधून ठेवतो.

वैनगंगाकाठ | १४ जुलै

पाऊस चांगला आहे, तलाव भरत आले. नाव कशी आहे?

वल्हेकरी | १५ जुलै

तळ उत्तम आहे. घसरपट्टीवर एक खोल ओरखडा आहे, म्हणजे तुमचा खुंट भेटला. दुखणे वेगळ्याच जागी निघाले. वल्ह्याची कडी ज्या बोल्टने काठाला बसवली आहे त्याचे भोक मी सगळ्यात शेवटी, घाईत पाडले आणि आतून इपॉक्सी न पाजता बोल्ट कसला. तेवढ्या एका भोकातून पाणी प्लायच्या थरांत शिरले आणि बोल्टाभोवती रुपयाएवढा फुगवटा आला.

खराब भाग पटाशीने काढून तो हेअर ड्रायरने दोन दिवस वाळवला. आठ मिलिमीटरच्या बोल्टसाठी आता १४ मिलिमीटरचे भोक पाडले, कडांना पातळ इपॉक्सी पाजले, घट्ट इपॉक्सीने ते पूर्ण बुजवले, आणि वाळल्यावर त्याच्या मध्यातून पुन्हा आठचे भोक पाडले. आता बोल्टाला लाकूड कुठेच लागत नाही. उरलेल्या तिन्ही भोकांचे तसेच केले. जुलैची हवा असल्याने चारही ठिकाणी तो मेणचट थर आला, घासणीने धुतला. आतील बाजूचे नट गोल टोपीचे घेतले आहेत, जाळे अडकत नाही.

वैनगंगाकाठ | १५ जुलै

नोव्हेंबरात मी येतो. १०५ सेंटिमीटरच्या तळाचा कागदी नमुना काढून ठेवा.